जर्दाळूच्या बाटलीचा हिशेब

ब्रसेल्समधल्या एका बिअरच्या दुकानात काँतियॉन ब्रुअरीच्या ‘फू फून’ या बिअरची 750 मिलिलिटरची एक बाटली 68 युरोंना विकायला होती. रुपयांत हा आकडा सहा हजारांच्या पुढे जातो. मी ब्रसेल्सजवळच्या लूव्हनला राहायला येऊन बरीच वर्षे झाली आहेत, बेल्जियन बिअर मला मनापासून आवडते आणि चांगल्या बाटलीला पंधरा-वीस युरो देताना मी फारसा विचार करत नाही. परंतु 68 युरो ही रक्कम अशी होती की ती देण्यापूर्वी आपण नेमके कशाचे पैसे देत आहोत, हे मला समजून घ्यायचे होते. निमित्तही तसेच होते. ऑक्टोबर छाटणीची धांदल सुरू होण्याआधी दादा आणि वहिनी तासगावहून माझ्याकडे येणार होते. दादाची द्राक्षबाग आहे, बेदाणाही तो स्वतःच करतो आणि विकतो. फळापासून बनलेली, वर्षानुवर्षे मुरलेली बिअर त्याच्यासमोर ठेवावी, अशी माझी इच्छा होती.

फू फून ही जर्दाळू घालून केलेली लॅम्बिक, म्हणजे हवेतल्या यीस्टवर आपोआप आंबणारी बिअर, आहे. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून बर्जरॉन जातीचे जर्दाळू उन्हाळ्यात ब्रसेल्सला येतात, त्यांच्या बिया काढल्या जातात आणि गर पिंपांतल्या मुरलेल्या लॅम्बिकमध्ये काही आठवडे ठेवला जातो. वर्षातून एकदाच, फळाच्या हंगामातच हे होते. बाटल्या मोजक्या, मागणी जगभरातून, आणि त्यामुळे ब्रुअरीबाहेर पडल्यावर या बाटलीचा भाव कुठून कुठे जातो.

दुकानातली बाटली मी हातात घेऊन नीट पाहिली. शॅम्पेनसारखी जाड हिरवी काच, आत बूच, त्यावर पत्र्याचे झाकण. लेबलवर बाटलीबंद केल्याची तारीख होती आणि ती चार वर्षांपूर्वीची होती. बाटली मांडणीच्या वरच्या फळीवर, दिव्याच्या अगदी खाली, उभी ठेवलेली होती. दुकानदार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कोणतीही भलावण केली नाही, फक्त इतकेच म्हणाले की ही आता मिळत नाही आणि त्यांच्याकडे एकच आहे. मी विचार करून येते असे सांगून बाहेर पडले.

किंमत योग्य आहे की नाही हे ठरवायचे तर वस्तू कशी बनते हे आधी ठाऊक हवे. ब्रसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटनलँड हा प्रदेश म्हणजे लॅम्बिकचे घर. इतर जवळजवळ सर्व बिअरमध्ये निवडलेले यीस्ट मोजून घालतात. लॅम्बिकमध्ये काहीही घालत नाहीत. सुमारे एक तृतीयांश कच्चा गहू आणि उरलेले बार्लीचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, यांचा काढा काढून त्यात दोन-तीन वर्षे जुने हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वाळवलेली फुले, घालतात, तो कित्येक तास उकळतात आणि मग रात्रभर उघड्यावर निवायला ठेवतात. हॉप्स मुद्दाम जुने वापरतात, कारण त्यांचा कडवटपणा गेलेला असतो पण नको त्या जिवाणूंना आवर घालण्याची ताकद शिल्लक असते. सकाळपर्यंत हवेतले आणि त्या वास्तूतले यीस्ट व जिवाणू काढ्यात उतरतात. तो काढा मग लाकडी पिंपांत भरतात आणि तिथे त्याचे त्याने आंबणे सुरू होते. पहिल्या काही महिन्यांत नेहमीचे यीस्ट काम करते, नंतर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू, आणि शेवटी ब्रेटॅनोमायसिस हे हळू चालणारे, चिवट यीस्ट. या यीस्टच्या एका जातीला ब्रसेल्सवरूनच ‘ब्रुक्सेलेन्सिस’ हे नाव मिळाले आहे. या साऱ्याला एक ते तीन वर्षे लागतात.

हे सारे मी वाचलेले होते, तरी बाटलीचा निर्णय घेण्यापूर्वी ब्रसेल्सच्याच अँडरलेख्त भागातल्या काँतियॉन ब्रुअरीत पुन्हा एकदा जाऊन ते डोळ्यांनी पाहावे असे मला वाटले. दक्षिण रेल्वे स्थानकापासून ती चालत जाण्याइतकी जवळ आहे. 1900 साली स्थापन झालेली ही ब्रुअरी 1978 पासून संग्रहालय म्हणूनही खुली आहे, आणि संग्रहालय म्हणजे वेगळे दालन नव्हे. जिथे बिअर बनते तीच जागा आपण पाहत फिरतो. पोटमाळ्यावर छपराखाली तांब्याचे लांबरुंद, उथळ भांडे आहे. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातली काहील खूप मोठी आणि चौकोनी केली तर जशी दिसेल तसे ते दिसते. त्याच्या एका फेरीत सुमारे 7,500 लिटर काढा मावतो. भोवतीच्या छपराला झडपा आहेत, आणि रात्रीची थंड हवा त्यांतून आत येते. कोळ्यांची जाळी जागोजागी आहेत आणि ती काढत नाहीत, कारण फळांवर येणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळीच करतात. औषध फवारायचा तिथे प्रश्नच येत नाही. ज्या सूक्ष्मजीवांवर सगळा व्यवसाय उभा आहे त्यांना धक्का लावून चालणार नाही.

या भांड्यापुढे उभे राहिल्यावर किमतीतला एक भाग मला स्वच्छ कळला. काढा रात्रभरात विशीच्या आसपास अंशांवर उतरायला हवा, म्हणून रात्र थंड असावी लागते. त्यामुळे लॅम्बिक ढोबळमानाने ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच बनवता येते. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रसेल्सच्या रात्री इतक्या उबदार होत्या की काँतियॉनला काम थांबवावे लागले, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. हंगाम असा निसर्गाच्या हाती. त्यातून जी खेप साधते ती पिंपांत वर्षानुवर्षे अडकलेली. पिंपांच्या लाकडातून द्रव हळूहळू उडून जातो, म्हणजे घट येते. काही पिंपे आंबून व्हिनेगरच्या दिशेने जातात आणि बाद करावी लागतात. प्रत्येक पिंप वेगळे वळण घेते, म्हणून मिश्रण करणाऱ्याला ती एकेक करून चाखावी लागतात. हे काम यंत्राकडे देता येत नाही.

घरी आल्यावर मी कागदावर अंदाज मांडला. जर्दाळू लिटरमागे तीनशे ग्रॅमच्या आसपास पडतो असे धरले तर एका बाटलीत पाव किलोपेक्षा किंचित कमी फळ जाते. सेंद्रिय, चांगल्या प्रतीचे फळ धरूनही त्याची किंमत एक-दोन युरोंच्या वर जात नाही. गहू, बार्ली, हॉप्स यांचा खर्च त्याहून कमी. काच, बूच, झाकण, लेबल. मग दोन वर्षे अडकून पडलेले भांडवल, शहरातल्या जागेचे भाडे, पिंपांची देखभाल, घट, बिया काढण्यापासून बाटल्या आडव्या रचण्यापर्यंतची माणसांची मजुरी, कर, आणि ब्रुअरीचा रास्त नफा. मी प्रत्येक ठिकाणी हात सैल सोडून आकडे लिहिले, आणि तरीही बेरीज पंचवीस युरोंपलीकडे नेणे मला जमले नाही. काँतियॉन स्वतः ज्या भावाने विकते तो भावही याच आवाक्यातला आहे. उरलेले चाळीसहून अधिक युरो बाटलीत नव्हते. ते बाटलीच्या दुर्मीळतेत होते.

दुर्मीळतेचा पैसा हा खोटा पैसा असतो असे मी मानत नाही. ज्याला एखादी वस्तू हवीच आहे आणि जिथून ती मूळ भावात मिळेल तिथे तो पोचू शकत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी ती आणून, सांभाळून ठेवली असेल तर त्याचा मोबदला द्यायला हवा. टोकियोत किंवा मुंबईत बसलेल्या माणसाचा हिशेब वेगळा होईल. मी मात्र ब्रुअरीपासून आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर राहते. बेल्जियममध्ये या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण सेंट सिक्स्टस मठाचे आहे. तिथले भिक्षू वेस्टव्लेटरेन बिअर बनवतात, आगाऊ नोंदणी करून येणाऱ्या ग्राहकाला ती माफक भावात देतात आणि पुढे विकू नये अशी अट घालतात; तरीही ब्रसेल्सच्या पर्यटकी दुकानांत तीच बाटली मठातल्या भावाच्या कित्येक पटींनी विकली जाते. जवळच्या वाटाऊ गावातल्या सेंट बर्नार्डस ब्रुअरीने 1946 ते 1992 या काळात मठाच्याच परवान्याने ती बिअर बनवली होती, आणि आजही तिची ‘अब्त 12’ ही त्याच घराण्यातली बिअर सुपरमार्केटात सहज मिळते. दोन्ही शेजारी ठेवून प्यायले आहे. फरक आहे, पण भावात जितका आहे तितका नाही.

एवढे होऊनही माझा निर्णय झाला नव्हता, कारण मनात एक शंका उरली होती: चार वर्षे मुरलेली बाटली ताज्यापेक्षा चांगली असेल तर? वाइनच्या बाबतीत आपण जुन्याला जास्त मोजतोच. लॅम्बिकही बाटलीत जिवंत राहते, आंबणे मंदपणे चालू असते. तर मग चार वर्षांचे मोल का देऊ नये?

रविवारी दादाचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळे सांगितले. त्याने बिअरच्या चवीबद्दल काहीच विचारले नाही. त्याने विचारले, “फळाचा माल म्हणतेस ना? मग चार वर्षं तो कुणाच्या ताब्यात होता?”

मी म्हटले, “दुकानदाराच्या असेल. किंवा त्याच्या आधी आणखी कुणाच्या.”

“ते आधी विचार. अगं, एकाच बागेतला बेदाणा दोघांनी घेतला, एकानं शीतगृहात ठेवला, दुसऱ्यानं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला, तर सहा महिन्यांनी सौद्यात त्याला एक भाव मिळतो का? भाव वर्षांना नाही मिळत. वर्षं कशी काढली त्याला मिळतो.”

पुढे त्याने आणखी एक गोष्ट विचारली, की जर्दाळूचा वास तरी चार वर्षे टिकतो का. सगळा निर्णय खरे तर या प्रश्नावरच ठरत होता, आणि त्याचे उत्तर लॅम्बिक बनवणाऱ्यांनीच देऊन ठेवलेले आहे. ग्यूझ आणि फळांची लॅम्बिक यांचे वय सारखे चालत नाही. ग्यूझ म्हणजे एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचे मिश्रण. कोवळ्या लॅम्बिकमध्ये उरलेल्या साखरेवर ते बाटलीत पुन्हा आंबते आणि त्यातून फेस तयार होतो. असे मिश्रण चांगल्या तळघरात दहा-वीस वर्षेही राहते, आणि त्यातला टोकदारपणा कमी होत जाऊन चव गोल आणि खोल होते. फळांच्या लॅम्बिकचे उलट आहे. तिच्यात जे विशेष असते ते म्हणजे फळाचा ताजेपणा, आणि नेमका तोच आधी ओसरतो. रंग उतरतो, जर्दाळूचा गंध मागे सरतो, आणि आम्ल व ब्रेटॅनोमायसिसचा ओलसर, थोडासा गवताळ वास पुढे येतो. वाईट होत नाही. चांगली लॅम्बिक म्हणून ती पिता येते. पण जर्दाळूसाठी पैसे मोजायचे असतील तर ती कोवळी असतानाच प्यावी, असे काँतियॉनचेच सांगणे आहे. म्हणजे 68 युरोंच्या बाटलीत भाव वयामुळे चढलेला होता आणि ज्यासाठी ती घ्यायची ती गोष्ट वयामुळेच उतरलेली होती.

साठवणुकीचे म्हणाल तर या व्यवसायाने त्याचा मोठा धडा पाहिलेला आहे. 2009 च्या मे महिन्यात ब्रसेल्सजवळच्या बीर्सेलच्या द्री फोंतेनेन या ब्रुअरीत बाटल्या आंबवण्याच्या खोलीतला तापमान-नियंत्रक बिघडला आणि उष्णता इतकी वाढली की सुमारे 80,000 बाटल्या काही फुटून, काही उकडून वाया गेल्या. ब्रुअरी बंद पडायच्या बेतात होती. तिचे मालक आर्मांड डेबेल्डर यांनी न फुटलेल्या बाटल्यांतल्या बिअरमधून मद्य गाळून घेतले आणि त्या विक्रीतून घर सावरले. थोड्या काळाची उष्णता हे करते. मग दिव्याखाली उभ्या राहिलेल्या बाटलीवर काही वर्षांत थोडे थोडे करून काय होत असेल, हे पाहणे ग्राहकाचे काम आहे. उभ्या बाटलीचे बूच सुकते, हिरवी काच उजेड पुरता अडवत नाही, आणि दुकानात हिवाळ्यात हीटर, उन्हाळ्यात ऊन.

मी पुन्हा त्या दुकानात गेले आणि सरळ विचारले की ही बाटली तुमच्याकडे कधीपासून आहे आणि त्याआधी कुठे होती. दुकानदारांनी प्रामाणिक उत्तर दिले: एका ग्राहकाच्या खासगी संग्रहातून घेतली, त्याने ती कुठे ठेवली होती ते ठाऊक नाही, दुकानात वर्षभर याच फळीवर आहे. या उत्तराबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटला. आणि त्या उत्तराबरोबर माझा निर्णयही झाला. ती बाटली मी घेतली नाही.

त्यांच्याच दुकानातून मात्र मी रिकाम्या हाताने आले नाही. लॅम्बिकवर पैसे खर्च करायचेच तर ते कुठे करावेत, हे मला याच सुमारास पडताळून पाहायचे होते. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ‘औदे ग्यूझ’ हे नाव 1997 पासून संरक्षित आहे. ते लिहायचे तर मिश्रणातली सर्व बिअर लॅम्बिकच असावी लागते, तिचे सरासरी वय किमान एक वर्ष आणि सर्वांत जुन्या घटकाचे किमान तीन वर्षे, आणि मुरणे लाकडातच झालेले. काँतियॉन आपल्या लेबलवर हे शब्द वापरत नाही, पण तिथे ते वापरण्याची गरजही नाही. नवख्या माणसाला मात्र हे दोन शब्द फार उपयोगी पडतात, कारण ग्यूझच्या नावाखाली गाळलेली, गोड केलेली बिअरही विकली जाते आणि ती स्वस्त असूनही मला महागच वाटते.

मी बोन ब्रुअरीची औदे ग्यूझ आणि तिल्कँची औदे ग्यूझ अशा दोन बाटल्या घेतल्या. फ्रँक बोन यांनी 1975 मध्ये लेंबेकमधला एक जुना व्यवसाय विकत घेतला, तेव्हा हा प्रकार नामशेष होईल अशीच सगळ्यांची समजूत होती. आज त्यांच्याकडे प्रचंड ओक पिंपांची रांगच आहे आणि म्हणूनच त्यांची बाटली सुपरमार्केटात दहा युरोंच्या आत मिळते. तिल्कँ हे 2009 मध्ये सुरू झालेले ब्लेंडरीचे घर. सुरुवातीला ते स्वतः काढा शिजवत नसत, वेगवेगळ्या ब्रुअऱ्यांकडून तो आणून आपल्या पिंपांत मुरवत आणि मिश्रण करत. शनिवारी संध्याकाळी नवरा आणि मी दोन्ही शेजारी ओतल्या. बोनची मऊ, थोडी व्हॅनिलासारखी लाकडाची चव देणारी; तिल्कँची अधिक चपळ, लिंबाच्या सालीसारखी, शेवटी किंचित तुरट. दोन्हींत तीन वर्षे मुरलेली बिअर होती आणि दोन्ही मिळून त्या जर्दाळूच्या बाटलीच्या तिसऱ्या हिश्शातही येत नव्हत्या. स्वस्त आहे म्हणून कमी असेल असे समजण्याचे काही कारण या प्रकारात नाही, हे त्या संध्याकाळी पुरते पटले. इथे भावातला मोठा फरक कामाच्या आकारमानाचा असतो, कसबाचा नव्हे.

दादा-वहिनी आले तेव्हा नवरा आणि मी त्यांना अँडरलेख्तला घेऊन गेलो. काँतियॉनमध्ये काही बाटल्या घरी नेण्यासाठी विकत नाहीत, तिथेच बसून प्यायला मात्र देतात. जगभर पुनर्विक्रीसाठी हिंडणाऱ्या बाटल्यांवर याहून चांगला उपाय मला सुचत नाही: ज्याला चव हवी त्याला ती मिळते आणि ज्याला नफा हवा त्याला बाटली मिळत नाही. त्या दिवशीच्या यादीत फू फून होती, आदल्या वर्षी बाटलीबंद केलेली, आणि भाव दुकानातल्या भावाच्या निम्म्याहून कमी. ती बाटली तयार झाल्यापासून त्याच इमारतीत आडवी पडून होती. दादाच्या प्रश्नाचे उत्तर इथे पूर्ण मिळत होते.

कर्मचाऱ्याने झाकण काढले, बूच सावकाश ओढले आणि बाटली टोपलीत आडवी ठेवूनच, गाळ न हलवता, पेल्यांत ओतली. रंग गढूळ नारिंगी, जवळजवळ मधासारखा. फेस पातळ आणि लगेच बसणारा. आधी वासातच जर्दाळू आला, मुरंब्याचा नव्हे तर सालीसकट चावलेल्या पिकल्या फळाचा, आणि त्याच्यामागे ओल्या लाकडाचा. जिभेवर गोडवा अजिबात नाही. फळातली साखर सूक्ष्मजीवांनी खाऊन टाकलेली असते, त्यामुळे फळाचा सुगंध राहतो आणि गोडी जाते. पहिल्या घोटाला माणूस थोडा दचकतो. वहिनींना ती फार आंबट लागली आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, “वास घेत बसावंसं वाटतं, प्यावंसं वाटत नाही.” दादाने बराच वेळ पेला हातात धरून ठेवला, दोनदा वास घेतला आणि मग विचारले की बिया काढायला माणसे लावतात का आणि ती किती मिळतात. पांढरी मस्कॅट द्राक्षे घालूनही इथे लॅम्बिक करतात हे कळल्यावर त्याने त्या द्राक्षांची साखर किती असते, घड पिंपात अख्खे टाकतात की चिरडून, असे प्रश्न काउंटरवरच्या मुलाला माझ्याकरवी विचारले. मुलानेही ती उत्तरे मनापासून दिली.

चौघांत मिळून ती एक बाटली पुरली. माझ्या मते या बिअरचा योग्य हिशेब असाच व्हायला हवा: दोन-तीन घोटांत तिची चव पुरेपूर कळते, तिच्यातले आम्ल एकट्याने पाऊण लिटर पिण्यासारखे नाही, आणि वाटून घेतल्यावर माणशी खर्च एखाद्या साध्या उपाहारगृहातल्या जेवणाइतकाही होत नाही. मी आता महाग बाटलीचा विचार करताना बाटलीच्या भावाला आधी पिणाऱ्यांच्या संख्येने भागते. चार जणांना पटेल असा भाव एकट्याला पटेलच असे नाही, आणि म्हणून बरोबर कोण असणार हे ठरण्याआधी मी मोठी बाटली घेत नाही.

वीस-पंचवीस युरोंच्या पुढे मी कधीच जाणार नाही, असा याचा अर्थ नाही. दहा वर्षे जुनी ग्यूझ, जी ब्रुअरीच्या स्वतःच्या तळघरात आडवी ठेवली गेली आहे आणि तिथूनच विकली जात आहे, तिच्यासाठी मी दुप्पट पैसेही आनंदाने देईन, कारण तिथे वय चवीत उतरलेले असते आणि ते कोणी सांभाळले हे माहीत असते. बीर्सेलच्या आसपासच्या काही जुन्या खाणावळींच्या यादीत अशा बाटल्या अजून मिळतात. त्या घ्यायच्या तर तिथेच बसून घ्याव्यात. प्रवासात गाळ हलतो आणि उष्णतेचा भरवसा नसतो.

निघण्यापूर्वी दादाला तासगावला न्यायला बाटल्या हव्या होत्या, शेजारच्या बागायतदारांना दाखवायला. भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या आरामात बसतात. त्याला अर्थातच जर्दाळूची न्यायची होती. मी नको म्हटले. तासगावात पोचेपर्यंत विमानाचा माल ठेवण्याचा भाग, मुंबई विमानतळ, मग रात्रभराची गाडी, आणि पुढे तो ती द्राक्षाचा हंगाम उरकल्यावर, मार्च-एप्रिलच्या उकाड्यात उघडणार. फळाचा वास तोवर काय राहील? ग्यूझ हे सगळे बऱ्याच अंशी सोसते. आम्ही बोनच्या दोन बाटल्या घेतल्या, दोन्हींची बाटलीबंद तारीख एकच आहे हे पाहून. बुचांवरच्या झाकणांना प्लास्टिकची पट्टी गुंडाळली आणि स्वेटरांच्या मध्ये आडव्या रचल्या. एक पोचल्यावर महिनाभर थंड जागी पडून राहू दे आणि मग उघड, असे मी त्याला सांगितले. दुसरी शेतावरच्या घराच्या तळघरात नव्हे, तर ज्या शीतगृहात त्याचा बेदाणा असतो तिथे एका खोक्यात ठेवायची असे त्याने स्वतःच ठरवले. तिथल्या तापमानाची नोंद रोज होते, आणि दोन वर्षांनी बाटली काढली तरी ती कशी राहिली होती हे त्याला कागदावर दाखवता येईल.